सकळ लिपीचे कुलूप

आठवीच्या वर्गात मागच्या बाकावरून पुढे सरकत आलेली एक चिठ्ठी गेल्या महिन्यात माझ्या हाती लागली. अक्षरे देवनागरी, पण अर्थ काही लागेना. तीन ओळी होत्या:

हलांछा थाह हंफथ पाळी.
मूख वाघवी आळे.
फाऊह रेताल आळे.

आमची उर्दू माध्यमाची शाळा. मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही, त्यामुळे या दोन लिपींच्या आडोशाला माझ्यापासून काही लपत नाही, हे पोरांना ठाऊक. म्हणून त्यांनी तिसरी लिपी काढली होती. चिठ्ठी खिशात घातली आणि घरी चहा पिता पिता पाहत बसलो. दोन ओळींच्या शेवटी ‘आळे’. मराठी वाक्याच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा दोन अक्षरी शब्द कोणता? ‘आहे’. म्हणजे ‘ह’च्या जागी ‘ळ’. वर्णमालेत ‘ह’नंतर ‘ळ’ येतो. प्रत्येक व्यंजनाच्या जागी पुढचे व्यंजन, एवढीच युक्ती. कुलूप उघडले: सरांचा तास संपत नाही. भूक लागली आहे. पाऊस येणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी फळ्यावर लिहून सगळ्यांसमोर सोडवून दाखवली. रागावलो नाही. ‘सर’चे ‘हल’ झाले होते आणि उर्दूत हल म्हणजे उत्तर, हे माझ्या पथ्यावरच पडले. पण एका मुलीने विचारले, “सर, कोणालाच उघडता येणार नाही अशी चिठ्ठी असते का?” तिला मी ‘उद्या सांगतो’ म्हणालो. तो उद्या अजून चालू आहे. हा लेख त्यातलाच.

उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. दर्यापूरहून एसटीने अमरावती गाठा आणि तिथून मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर. गाव लहान, पण मराठीच्या इतिहासात त्याचे वजन मोठे. गोविंदप्रभू इथले. त्यांचे शिष्य चक्रधरस्वामी. चक्रधर निघून गेल्यावर इथेच म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी भक्तांकडून एकेक करून गोळा केल्या आणि १२७८च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ तयार झाले. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून त्याचे नाव घेतात. आज त्याच गावात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे, ते याच कारणाने.

महानुभावांची भाषेविषयीची भूमिका त्या काळाच्या मानाने फार धीट होती. धर्मज्ञान संस्कृतात असायचे, मूठभरांच्या हाती. चक्रधरांनी ते बोलीत आणले. पुढे केशवदेव नावाच्या विद्वान शिष्याने काही प्रश्न संस्कृतात मांडले, तेव्हा पंथाचे आचार्य नागदेव यांनी त्याला अडवले. कारण असे सांगितले, की अशाने आपल्या स्वामींचा साधासुधा परिवार ज्ञानाला मुकेल. या परिवारात बायका होत्या, त्यांनाही संन्यासाचा अधिकार होता. ‘धवळे’ रचणारी महदाइसा, मराठीची आद्य कवयित्री, त्यांच्यातलीच.

आणि याच पंथाने शंभर वर्षे व्हायच्या आत आपले ग्रंथ गुप्त लिपीत बंद केले! मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला विश्वास ठेवणे जड गेले. ज्यांनी दार उघडले त्यांनीच कुलूप घातले?

पहिली लिपी रवळोबासांची. ‘सह्याद्रिवर्णन’ हा ग्रंथ लिहिणारे हेच. चौदाव्या शतकात त्यांनी ‘सकळ लिपी’ तयार केली. देवनागरी अक्षरांच्या जागी ठरलेली दुसरी अक्षरे आणि चिन्हे, असे तिचे स्वरूप. पुढे वेगवेगळ्या आम्नायांनी आपापल्या लिपी काढल्या: सुंदरी, पारमांडल्य, अंकलिपी, शून्यलिपी, सुभद्रालिपी, श्रीलिपी, वज्रलिपी. नावेसुद्धा कशी देखणी! अंकलिपी म्हटल्यावर आपल्याला लहानपणी बनोश्याच्या बाजारातून आणलेले पाढ्यांचे पातळ पुस्तक आठवते. ही अंकलिपी वेगळी, तिच्यात अक्षरांचे काम आकड्यांनी करायचे.

आमच्याकडे याची सवय आहे. ट्रकच्या काचेवर, दुकानाच्या गल्ल्यावर ७८६ लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. अरबी अक्षरांना अबजद पद्धतीत ठरलेले आकडे असतात. अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४. ‘बिस्मिल्लाह’च्या पूर्ण वाक्यातील अक्षरांची बेरीज ७८६ येते. यात गुप्त काही नाही, उलट ओळख सांगण्यासाठीच लिहितात. एकच युक्ती कुठे दाखवायला वापरतात, कुठे लपवायला.

महानुभावांना लपवायचे होते. कोणापासून?

आमच्या भागात याचे तयार उत्तर मिळते: मुसलमानांच्या स्वाऱ्यांपासून. शिक्षकांच्या खोलीतही मी ते ऐकले आहे. सांगणारा माझ्याकडे पाहून जरा चाचरतो, पण सांगतो. त्याला आधार अगदीच नाही असे नाही. खालशाच्या धाडीत ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत हरवली आणि मग हिराइसेच्या पाठांतरावरून आणि इतरांच्या आठवणींवरून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असे पंथाची परंपराच सांगते. खिलजींच्या फौजा देवगिरीवर आल्या, १३१८मध्ये यादवांचे राज्य संपले, हा इतिहास आहे. एका बाईच्या स्मरणशक्तीवर एक भाषा आपला पहिला ग्रंथ परत मिळवते, या प्रसंगापुढे मान झुकते. धाड कोणाची होती, हे झाकायची मला गरज वाटत नाही.

पण धाडीचे आणि गुप्त लिपीचे कारण एक आहे का? जरा विचार करा. धाडीतला शिपाई पोथी वाचून मग जाळत नाही. त्याच्या लेखी बालबोध पोथी आणि सकळ लिपीतली पोथी सारखीच, दोन्ही कागद. आगीपासून, पाण्यापासून, वाळवीपासून गुप्त लिपी काहीच वाचवत नाही. त्यासाठी जास्त प्रती काढाव्या लागतात, नाहीतर हिराइसा लागते. गुप्त लिपी फक्त एकाच माणसाला अडवते: ज्याला मराठी येते, देवनागरी वाचता येते आणि ज्याला ही पोथी वाचण्यात रस आहे. असा माणूस दिल्लीहून येत नाही, तो शेजारच्या वाड्यात राहतो.

आणि तिथेही वैर होतेच. वर्णव्यवस्थेला आणि अनेक दैवतांच्या पूजेला नकार देणाऱ्या या काळ्या वस्त्रांतल्या लोकांना समाजातल्या प्रस्थापितांनी सुखाने जगू दिले नाही. चक्रधरांच्या छळाच्या ज्या कथा पंथ सांगतो, त्यात यादवांच्या दरबारातल्या मोठ्या नावांचा उल्लेख येतो. शिवाय तिसरे कारणही आहे, आणि मला ते सर्वांत खरे वाटते: आदर. पवित्र वचन अनधिकारी माणसाच्या हाती पडू नये, त्याची चेष्टा होऊ नये, त्यात कोणी घुसडू नये. कुराणाला वुजूशिवाय हात न लावणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही भावना समजावून सांगावी लागत नाही.

आता कुलूप किती पक्के होते ते पाहू. लिपी-बदलाचे कुलूप कसे उघडायचे, हे रवळोबासांच्या जवळजवळ पाचशे वर्षे आधी बगदादमध्ये लिहून ठेवलेले होते. अल-किंदी हा नवव्या शतकातला तत्त्ववेत्ता आणि गणिती. त्याने गूढ लेखन सोडवण्यावर एक रिसाला लिहिला. पद्धत अशी: त्याच भाषेतला साधा मजकूर घ्या, कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजा. मग गूढ मजकुरातली चिन्हे मोजा. सर्वांत जास्त येणारे चिन्ह बहुधा सर्वांत जास्त येणारे अक्षर असते. अक्षराचा मुखवटा बदलता येतो, त्याची ये-जा बदलता येत नाही. हा रिसाला शेकडो वर्षे विस्मरणात होता. विसाव्या शतकात इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयातल्या हस्तलिखितांत तो सापडला आणि १९८०च्या दशकात छापून आला.

माझ्या चहाच्या कपापाशी ‘आळे’ने जे केले ते याच विद्येचे घरगुती रूप. ‘लीळाचरित्रा’त तर ‘सर्वज्ञ’, ‘गोसावी’, ‘म्हणितले’ हे शब्द पानोपानी येतात. चिकाटीच्या माणसाला एवढे पुरे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. मग वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, पुढे वि. भि. कोलते अशा अभ्यासकांनी हे भांडार वाचकांसमोर आणले. यात पंथातल्या काही महंतांचाही वाटा आहे. त्यांनी पोथ्या दाखवल्या, वाचायची रीत सांगितली. कोलत्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८मध्ये राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढले, आणि त्यावरून वादही झाला.

म्हणजे कुलूप सहाशे वर्षे टिकले. ते पक्के होते म्हणून नव्हे, उघडायला कोणी आले नाही म्हणून. यातला फरक ऑगस्ट केरकॉफ्स या भाषाशिक्षकाने १८८३मध्ये फ्रेंच लष्करी नियतकालिकात मांडला. तो म्हणाला, गुप्त लेखनाची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, फक्त किल्ली गुप्त असावी. सकळ लिपीत रीत हीच किल्ली होती. रीत कळली की सगळ्या पोथ्या एकाच वेळी उघडल्या.

मधल्या सहाशे वर्षांची किंमत मात्र पंथाने मोजली. लोकांना वाचता येत नाही त्याविषयी लोक गप्प बसत नाहीत. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. परीक्षेत अर्थही लिहिला: आत एक, बाहेर एक. मोहल्ल्यात माझ्या शेजारी कसाब राहत होते, भले लोक. म्हणीत त्यांचे नाव आहे हे तेव्हाही टोचले होते. दुसऱ्या अर्ध्यात कोण आहे, ते ‘मानभाव’ म्हणजे महानुभाव, हे कित्येक वर्षांनी कळले. अहिंसेसाठी पाणी गाळून पिणारा पंथ आणि कसाई, दोघांना एका ओळीत बांधून टाकले! महानुभावांचे ग्रंथ उघडे असते तर ही म्हण झालीच नसती असे मी म्हणणार नाही. पण तिला उत्तर द्यायला एखादे पान तरी लोकांपुढे असते. आमच्या उर्दूचेही थोडे असेच झाले आहे. दुकानाच्या पाटीवर उजवीकडून डावीकडे काही लिहिलेले दिसले की काहींना वाटते, काय लिहिले असेल कोण जाणे. लिहिलेले असते: येथे सायकल दुरुस्त करून मिळेल.

त्या मुलीचा प्रश्न मात्र अजून बाकीच आहे. मी तो पुण्यात संगणकाचे काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोनवर विचारला. तो म्हणाला, “सर, आता चिठ्ठी लपवणे जुने झाले. आता चिठ्ठी वाचणारे यंत्रच लपवतात.”

संगणकाचा प्रोग्राम म्हणजे सूचनांची यादी. ती दुसऱ्याला द्यावी, त्याने ती चालवावी, उत्तरे मिळवावीत, पण ती उत्तरे कशी निघतात हे त्याला कळू नये. याला म्हणतात ऑब्फस्केशन, आपण गूढीकरण म्हणू. बाजारात आजही हे सर्रास करतात: प्रोग्राममधल्या नावांच्या जागी निरर्थक अक्षरे घालायची, सरळ वाट मुद्दाम वळणावळणाची करायची. हे सकळ लिपीच झाले. चिकाटीचा राजवाडे भेटला की उघडते.

गणितज्ञांना पक्के कुलूप हवे होते. पक्के म्हणजे काय, यासाठी पुन्हा बनोश्याची अंकलिपी घ्या. सत्तावीस नव्वे किती? पोर पाढा बघून २४३ सांगते. गुणाकार म्हणजे काय हे त्या पुस्तकात कुठेच नाही, नुसते प्रश्न आणि उत्तरे. प्रत्येक प्रोग्रामचा असा पाढा छापता आला तर आतली रीत आपोआप झाकली जाईल. पण तो पाढा इतका प्रचंड होईल, की जगातला कागद पुरणार नाही. तेव्हा मागणी अशी: प्रोग्राम आटोपशीर राहावा, आणि तो हातात असूनही पाढ्यातून जेवढे कळते त्यापेक्षा काडीभरही जास्त कळू नये.

२००१मध्ये बोआझ बराक, अमित सहाय आणि इतर पाच जणांनी सिद्ध केले, की सगळ्या प्रोग्रामांसाठी हे अशक्य आहे. त्यांची युक्ती मला फार आवडली. दोन प्रोग्राम कल्पा. पहिला एका गुप्त शब्दाला एक गुप्त उत्तर देतो, बाकी कशालाही देत नाही. दुसरा दुसऱ्या प्रोग्रामांची परीक्षा घेतो: माझ्यापुढे ठेवलेला प्रोग्राम त्या गुप्त शब्दाला तेच गुप्त उत्तर देतो का? देत असेल तर तो आपले गुपित सांगून टाकतो. आता तुमच्याकडे नुसता पाढा असेल, म्हणजे फक्त प्रश्न विचारायची मुभा असेल, तर गुप्त शब्द अंदाजाने सापडणे नाही आणि दुसऱ्यापुढे ठेवायलाही तुमच्याकडे काही नाही. पण पहिल्याची लिहिलेली संहिता हातात असेल, मग ती कितीही गूढ केलेली असो, तर ती तशीच उचलायची आणि दुसऱ्याला खायला घालायची. एक अक्षर न समजता गुपित बाहेर! ज्याला लिहिलेले रूप आहे, त्याची प्रत दुसऱ्याच्या हाती देता येते. सकळ लिपीची पोथी वाचता न येणारा माणूसही ती उचलून राजवाड्यांकडे नेऊ शकतोच.

म्हणून मागणी खाली आणली. एकच काम करणारे, सारख्याच लांबीचे दोन प्रोग्राम असतील तर गूढ केल्यावर मूळचा कोणता हे ओळखता येऊ नये, एवढेच. ऐकायला हे फारच थोडे वाटते, पण त्यातून आश्चर्यकारक गोष्टी साधतात असे दिसून आले. २०१३मध्ये संजम गर्ग, सहाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी पहिली रीत सुचवली. तिचा पाया कच्चा निघाला, हल्ले झाले, दुरुस्त्या झाल्या. २०२०मध्ये आयुष जैन, हुइजिया लिन आणि पुन्हा सहाय यांनी ती गणिताच्या जाणत्या, पारखलेल्या गृहीतकांवर उभी केली. एकच माणूस आधी ‘हे अशक्य’ सिद्ध करतो आणि वीस वर्षे त्याच दाराशी बसून शेजारची खिडकी उघडतो. संशोधन कशाला म्हणतात असे बीएडला आम्हाला विचारायचे, तेव्हा हे उदाहरण हवे होते. ही रीत अजून इतकी संथ आहे, की रोजच्या वापरात आलेली नाही.

विद्यार्थी फोनवर उत्साहाने बोलत होता आणि मला कापसाचा बाजार आठवत होता. वऱ्हाडातल्या जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवायची रीत होती. अडत्या आणि व्यापारी एकमेकांच्या बोटांवर आकडे टेकवत, वर फक्त रुमाल हलताना दिसे. ज्याचा कापूस तो शेतकरी बाजूला उभा. त्याला शेवटचा भाव कळे, तो कसा निघाला ते कळत नसे. अब्बा सांगत, की दादा बैलगाडीजवळ उभे राहून रुमालाकडे बघत आणि चेहऱ्यांवरून अंदाज बांधत. कारंज्याच्या कापूसबाजाराला १८८६मध्ये नियमांत बांधले, १८९७मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा आला. उघड लिलाव रुळायला त्यानंतरही पुष्कळ वर्षे गेली.

महानुभावांच्या पोथीत दुबळ्याने बलवानापासून लपवले. रुमालाखाली बलवानाने दुबळ्यापासून लपवले. युक्ती तीच. गूढीकरण उद्या खरोखर वापरता येण्याजोगे झाले, तर ते कोणत्या हातात जाईल? माझ्या मेहुण्याने मागच्या हंगामात मोबाइलवरून नुकसानीचा दावा भरला होता. काही दिवसांनी पडद्यावर दोन शब्द आले: दावा अपात्र. कारण विचारायला तो कचेरीत गेला. तिथला माणूस भला होता. त्याने संगणक फिरवून दाखवला, त्याच्या पडद्यावरही तेच दोन शब्द होते. तो म्हणाला, “आम्हालाही एवढंच दिसतं हो, भाऊ.”

याच पावसाळ्यात मी रिद्धपूरला जाऊन आलो. एका मठात एका वयस्क बाबांना दंडवत प्रणाम केला, नाव सांगितले, गाव सांगितले, आणि जुन्या लिपीतली पोथी बघायला मिळेल का असे विचारले. त्यांनी कापडाची घडी उलगडली. पहिले पान मला वाचता आले नाही. बाबांनी बोट ठेवून एक ओळ वाचली, मग पुन्हा वाचली, सावकाश. कोणते चिन्ह कशासाठी, तेही सांगितले. मी म्हणालो, “बाबा, हे गुप्त होते ना?” ते हसले. “होते गुरुजी. आता शिकणारेच येत नाहीत.”

मी वहीत वीसेक चिन्हे उतरवून आणली आहेत. बाकीची दिवाळीच्या सुट्टीत. वर्गात ती वही दाखवल्यापासून मागच्या बाकावर बरीच शांतता आहे. परवा नवी चिठ्ठी सापडली. तिच्यात ‘आळे’ कुठेच नाही, आणि मला ती अजून सुटलेली नाही.